चार नंबरचा प्रेस

भिवा ओहाळच्या उजव्या हाताला फक्त अंगठा उरला होता. पुनावळ्यातल्या ज्या सोसायटीत तो वॉचमन होता, तिथल्या पोरांना त्या हाताची सवय झाली होती. मोठी माणसं मात्र गेटातून गाडी आत घेताना दुसरीकडे बघायची. भिवाला त्याचं काही वाटत नसे. सोळा वर्षं झाली होती. डाव्या हातानं तो सही करायला शिकला होता, भाकरी मोडायला शिकला होता, आणि गेटचा दांडा तर डाव्या हातानंच उचलायचा असतो असं त्याला आता वाटायचं.

एका रविवारी सोसायटीच्या क्लबहाउसात मुलांसाठी प्रदर्शन भरलं. स्वरूपा वाळुंज नावाची पस्तिशीतली बाई मोठाले फोटो घेऊन आली होती. साखर कारखान्यांच्या आणि खेड्यापाड्यांतून धावणाऱ्या जुन्या छोट्या लाईनींचं एक लहानसं संग्रहालय ती उभं करत होती. गार्डाचे कंदील, पुठ्ठ्याची तिकिटं, स्टेशनातल्या घंटा, असं बरंच काही तिनं गावोगाव फिरून जमवलं होतं. भिवा खुर्च्या मांडत होता. मधल्या फोटोपाशी तो थांबला. अडीच फुटी रुळावरचं वाफेचं इंजिन होतं ते. रंग उडालेला, पण सगळे भाग जागच्या जागी. जवळजवळ सगळे.

“मॅडम,” तो म्हणाला, “ह्या डाव्या बाजूचा दांडा उलटा बसवलाय. असं इंजिन जन्मात हलायचं न्हाई.”

स्वरूपानं फोटो खिळ्यावरून काढून हातात घेतला. मग भिवाकडे बघितलं, आणि त्याला हे कसं कळलं म्हणून विचारलं. तेव्हा भिवानं सांगितलं. त्याचा बाप कुर्डुवाडीला छोट्या लाईनीच्या शेडमध्ये फिटर होता. भिवा स्वतः अठराव्या वर्षापासून तिथंच बदलीवर लागला होता. आठ वर्षं हात काळे केले, कायम कधी झाला नाही. वाफेची इंजिनं बंद पडली तसा तो बायकोला, सोजरबाईला, घेऊन पिंपरीला आला.

स्वरूपानं तीन मिस्त्री आणून पाहिले होते. तिघांनी इंजिनाला ग्रीस लावलं आणि चहा पिऊन गेले. तिनं भिवाला सोमवारी यायला सांगितलं, पत्ता लिहून दिला. टेल्को रोडच्या मागची गल्ली, लाल पत्र्याची शेड. वाळुंज आडनावाची माणसं खेड-जुन्नरकडे ढिगानं सापडतात, म्हणून भिवाच्या मनात काहीच आलं नाही.

सोमवारी तो गल्लीच्या तोंडाशी बसमधून उतरला आणि चालता चालता थबकला. पत्र्याचा लाल रंग तेवढा नवा होता. कंपाउंडची भिंत तीच, भिंतीवरच्या काचा त्याच, लोखंडी फाटकाची खालची पट्टी अजून वाकलेलीच. फाटकावर पितळी अक्षरांत ‘वाळुंज छोटी रेल्वे संग्रहालय’ असं लिहिलं होतं. पूर्वी तिथं काहीच लिहिलेलं नसायचं.

ह्याच शेडमध्ये भिवाची बोटं गेली होती.

तेव्हा आत नऊ प्रेस होते. गाडीच्या दरवाज्यात बसणारे पत्र्याचे तुकडे त्यावर कापले जात. भिवा चार नंबरवर होता. प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी दोन. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा डाय, म्हणजे पत्रा कापणारा साचा, खाली येत नाही, म्हणजे हात मध्ये राहायची भीतीच नाही. पण दोन्ही हात बटणावर गेले की तुकडा ठेवायला वेळ जातो. म्हणून त्या शेडमधल्या नऊच्या नऊ प्रेसचं एकेक बटण तारेनं बांधून टाकलं होतं. मालक रंगराव वाळुंज स्वतः सकाळी फिरून तारा बघायचा. कामगारांना नावानं हाक मारायची त्याची पद्धत नव्हती. ए उदगीर, ए गेवराई, ए बार्शी. जिथून आला तेच नाव. भिवा बार्शीच्या छोट्या लाईनीवरून आलेला, म्हणून तो बार्शी.

डाय खाली आला तेव्हा आवाज रोजचाच झाला. भिवाला आधी वाटलं, तुकडा वाकडा बसला.

त्याला सरकारी दवाखान्यात नेलं नाही, कारण तिथं कागद झाले असते. एका खासगी डॉक्टरकडे टाके घातले. तिसऱ्या दिवशी रंगराव कागद घेऊन आला. भिवाला लिहिता-वाचता येत होतं, पण लिहायचा हात बँडेजात होता. डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. भिवा इथला कामगार नसून एका कामगाराचा पाहुणा म्हणून आला होता, आणि नको म्हणत असताना त्यानं मशीनमध्ये हात घातला, असं त्यात लिहिलं होतं. भिवानं ते वाचलं. वाचूनही ठसा दिला, कारण डॉक्टर दारात उभा होता आणि पुढचं ड्रेसिंग व्हायचं होतं. जाताना रंगराव म्हणाला, “एक गेला तर काय, दुसरा हाय की.” आणि हसला. विनोद म्हणूनच बोलला होता तो.

त्यानंतर सहा महिने सोजरबाईनं भिवाला हातानं भरवलं. चार घरची धुणीभांडी करून यायची आणि भरवायची. त्या सहा महिन्यांत भिवानं एक गोष्ट रोज केली. डोळे मिटून तो रंगरावचा उजवा हात बघायचा. गोरा, केसाळ, अनामिकेत पोवळ्याची अंगठी असलेला, डायखाली अडकलेला. पुढं ड्रेसिंग संपलं, काम मिळालं, पोरं शिकली, मार्गी लागली. हात बघायचं थांबलं नाही.

आता तो त्या फाटकाशी उभा होता. परत फिरता आलं असतं. तो आत गेला.

प्रेस कधीच नव्या कारखान्यात, चाकणला, गेले होते. जमिनीवर गुळगुळीत फरशी होती, पण प्रेसच्या पायाचे बोल्ट जिथं कापले होते तिथं चार-चार काळे ठिपके फरशीतून वर आलेले दिसत. भिवा दारापासून मोजत गेला. चार नंबरच्या जागेवर काचेचं कपाट होतं आणि त्यात ओळीनं गार्डाचे कंदील. पलीकडे, शेडच्या मधोमध, वीस पावलांच्या रुळावर ते इंजिन.

भिवानं इंजिनाभोवती एक फेरी मारली, वाकून चाकांमागे बघितलं आणि स्वरूपाकडे पान्ह्यांची पेटी मागितली.

दुपारी रंगराव आला. सत्तरी उलटलेली, केस पांढरे, अंगात खादीचा झब्बा. भिवाला त्यानं ओळखलं नाही. ओळखणार कसा, त्यानं कधी तोंडाकडे बघितलंच नव्हतं. त्यानं इंजिनाच्या टाकीवर हात फिरवला आणि आपणहून बोलायला लागला. त्याची आई ऊसतोडीला जायची. कारखान्याची छोटी गाडी मोळ्या भरून निघाली की हा पोर तिच्यामागं धावायचा, ऊस ओढायचा, मार खायचा. पुढं भंगाराचा धंदा केला, तेव्हा हे इंजिन कापायला म्हणून विकत घेतलं होतं. “पर कापवंना,” तो म्हणाला. “तीस वर्षं सांभाळलंय. मरायच्या आधी चालताना बघायचंय.” हे सांगताना त्याचा आवाज खरोखर ओला झाला होता.

मग त्याची नजर भिवाच्या हातावर गेली. हात कशात गेला, असं त्यानं विचारलं. प्रेसमध्ये, भिवा म्हणाला.

“बेफिकिरी,” रंगराव मान हलवून म्हणाला. “माणसं ध्यान देत न्हाईत, दुसरं काय.”

भिवा पुन्हा इंजिनाखाली वाकला. पण इतकी वर्षं जे नुसतं डोळ्यांपुढं यायचं, ते करायचंच असं त्यानं त्या क्षणी ठरवलं.

सोजरबाईला त्यानं शेड कुणाची ते सांगितलं नाही. सोसायटीत दुसऱ्या वॉचमनशी पाळी बदलून घेतली आणि चार महिने तो रोज सकाळी त्या शेडमध्ये गेला.

काम अवघड होतं आणि ते त्याला आवडत होतं, ही गोष्ट खरी. एका हातानं पान्हा धरला तर दुसऱ्या हातानं दांडा धरता येत नाही, म्हणून स्वरूपा स्वतः ओढणी कमरेला बांधून त्याच्याबरोबर इंजिनाखाली शिरायची. ती रंगरावची सून. नवरा चाकणचा कारखाना बघायचा. ती मात्र ह्या जुन्या वस्तूंतच रमलेली. प्रत्येक तुकडा कुठून आला, कुणी दिला, ते ती लहान चिठ्ठीवर लिहून ठेवायची. म्हणायची, वस्तू मुकी असते, तिच्यासाठी कुणीतरी खरं लिहून ठेवलं पाहिजे. तिनं शिव्या न देता गंजलेले नट कसे सोडवायचे ते भिवाकडून शिकून घेतलं. भिवाकाका म्हणायची. भिवाला ती आपल्या लेकीसारखी वाटायला लागली आणि त्याचा त्याला त्रास व्हायला लागला.

वाफ करायची तर बॉयलरची तपासणी, परवानगी, हजार भानगडी. म्हणून इंजिन कॉम्प्रेसरच्या हवेवर चालवायचं ठरलं. वाफेऐवजी हवा पिस्टनला ढकलणार, एवढाच फरक. पिस्टनचा दांडा बाहेर येऊन एका जाड लोखंडी ठोकळ्याला जोडलेला असतो. त्याला कुर्डुवाडीच्या शेडमध्ये क्रॉसहेड म्हणत. हा ठोकळा दोन पट्ट्यांमध्ये मागे-पुढे सरकतो आणि त्याच्या जोरावर चाकं फिरतात. पुढं सरकला की तो सिलिंडरच्या तोंडापासून नखभर अंतरावर येऊन थांबतो. त्या जागेच्या वर तेलाची एक छोटी वाटी होती. तिच्यात तेल घालायचं तर हात तिथं न्यावाच लागे.

रंगरावला तिथं तेल घालायची हौस होती. आपण अजून हातानं काम करणारा माणूस आहोत हे त्याला दाखवायचं असे. आला की तेलाचा डबा उचलायचा, बाह्या सारायचा आणि डावा हात पट्टीवर टेकून उजवा आत घालायचा. पोवळ्याची अंगठी ठोकळ्यावर खट् वाजायची. वर, इंजिनावरच्या ड्रायव्हरच्या खोलीत उभा राहून भिवा ते बघायचा. त्याचा डावा हात हवा सोडायच्या दांड्यावर असायचा.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस इंजिन हवेवर हलायला लागलं. भिवानं पिंपरीच्या मंडईतून गाजरं घेतली. जेवणाच्या सुट्टीत स्वरूपा घरी जायची, शेडमध्ये तो एकटा असायचा. चार गाजरं त्यानं सुतळीनं ओळीत बांधली, त्या जागेत अडकवली, वर जाऊन हवेचा दांडा थोडा ओढला. गाजरांचा चोथा झाला. त्याला तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. चोथाच झाला. पण पुसून काढताना त्याच्या लक्षात आलं, हे फार लवकर होतं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं संपलेलं. रंगराव किंचाळेल, गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेतील, तो वाचेल, आणि जन्मभर सांगत फिरेल की मिस्त्रीच्या बेफिकिरीनं हात गेला. कशासाठी गेला ते त्याला कळणारच नाही. भिवाला ते चालणार नव्हतं. आधी कळलं पाहिजे, मग जे व्हायचं ते होऊ दे.

तेव्हापासून तो ब्रेक आवळून, हवा केसाएवढी सोडून ठोकळा पुढं आणायला शिकला. गाजरं दबली पाहिजेत, फुटता कामा नयेत. अठरा दिवस लागले. घरी सोजरबाई विचारायची की पिशवीत रोज गाजरं कुणासाठी. दात मजबूत होतात म्हणून खातो, असं त्यानं सांगितलं.

उद्घाटनाला तीन आठवडे उरले असताना, एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास स्वरूपा म्हणाली की पप्पांचा तेल घालतानाचा व्हिडिओ करू या, संग्रहालयाच्या पानावर टाकता येईल. रंगराव खूश झाला. झब्ब्याची बाही सारून त्यानं डबा घेतला. स्वरूपा पाच पावलांवर फोन धरून उभी राहिली. भिवा वर होता. कॉम्प्रेसर चालू होता.

रंगराव फोनकडे बघून बोलत होता, आईचं, उसाचं, मार खाल्ल्याचं. बोलता बोलता त्यानं हात आत घातला. भिवानं दांडा ओढला.

ठोकळा सरकला आणि थांबला. रंगरावचं वाक्य अर्ध्यात तुटलं. त्यानं हात ओढून बघितला, तो येईना. चार बोटं तळव्यापर्यंत लोखंडाच्या मध्ये. मोडली नव्हती, पण इंचभरही हलत नव्हती. तेलाचा डबा खाली पडून घरंगळला.

“मिस्त्री, मागं घे,” तो म्हणाला. “मागं घे, हात हाय माझा.”

“ठाऊक हाय शेठ,” भिवा वरून म्हणाला. “हलू नका. तुमी हललात तर माझा हात हलंल.”

मग त्यानं विचारलं, मी कोण ते सांगा. ह्याच शेडमध्ये होतो. नाव येत नसेल तर गाव सांगा.

रंगरावनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच बघितलं. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता.

“तू... उदगीर?” तो म्हणाला.

“न्हाई.”

“गेवराई. गेवराईचा काय तू?”

“न्हाई.”

“मग माजलगाव. न्हाई, त्याचा डावा व्हता.” त्याचा श्वास लागत होता. “तुळजापूर? परांडा? दोन भाऊ व्हते ते, धाकट्याचा गेला, तू धाकटा का थोरला?”

भिवानं दांडा तसाच धरून ठेवला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, ह्या माणसाच्या मनात आपलं एक खातं कुठंतरी बंद पडलेलं असेल. इथं तर रांग होती. रंगराव एकामागून एक गावं घेत होता, भाजीवाल्यानं भाव सांगावेत तशी, कुठलं तरी बरोबर येईल ह्या आशेनं. सातव्या की आठव्या गावाला स्वरूपाच्या हातातला फोन थरथरायला लागला.

“बार्शी,” शेवटी रंगराव म्हणाला. “चार नंबर.”

“व्हय. आता कागदावर काय लिवलं ते सांगा.”

रंगरावनं सुनेकडे बघितलं. भिवानं दांडा केसभर ओढला, आणि रंगराव विव्हळला. मग त्यानं सांगितलं. तू कामगार न्हवतास असं लिवलं. पाहुणा म्हणून आला व्हतास असं लिवलं. सगळ्यांच्या कागदावर तेच लिवायचो.

“आन् तार?”

“मीच बांधली. मीच बांधायला लावायचो. सोड आता, तुझ्या पाया पडतो.”

भिवाच्या मनात त्या वेळी दया नव्हती. हे त्यानं पुढं स्वतःच कबूल केलं. चार बोटं त्याच्या हातात होती, आणि जे ऐकायचं ते ऐकून झालं होतं. त्याच्या मनगटाला एवढंच करायचं होतं, एक हिसका. तो करणारही होता.

तेव्हा स्वरूपा बोलली. तिचा आवाज अगदी हळू होता.

“काका, आधी हात सोडा. मी हे पुसणार नाही. शप्पथ सांगते, मी हे कुणालाही पुसू देणार नाही.”

भिवानं तिच्याकडे बघितलं. फोन अजून चालूच होता. त्यानं दांडा मागं टाकला, ठोकळा सुस्कारा सोडल्यासारखा मागं सरला आणि रंगराव हात छातीशी घेऊन फरशीवर बसला. बोटं निळी पडली होती, दोन नखं फुटली होती. बाकी हात शाबूत होता. भिवा खाली उतरला, पान्हे पुसून पेटीत ठेवले आणि बाहेर पडला.

घरी येऊन त्यानं सोजरबाईला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. त्याचं सांगून संपेपर्यंत ती थापत राहिली. मग तवा उतरवून म्हणाली, “सोडला कशाला?”

भिवानं ताट पुढं ओढलं.

रंगराव पोलिसांत गेला नाही. गेला असता तर व्हिडिओ दाखवावा लागला असता. त्यानं सुनेला फोन दे म्हणून सांगितलं, मुलाला तिच्या अंगावर घातलं, घराण्याच्या अब्रूची भाषा केली. तिसऱ्या दिवशी स्वरूपा पुनावळ्याच्या गेटवर आली. ती माहेरी निघाली होती, गाडीत बॅगा होत्या. ती भिवाला म्हणाली की हा व्हिडिओ कुठं द्यायचा ते तुम्ही ठरवा, कारण ह्यात तुम्हीही दिसता, आणि तुम्ही जे केलंत तोही गुन्हाच आहे. उद्या तुम्हालाच आधी आत घेतील.

भिवानं तिच्यापुढं आपला उजवा हात धरला. “आता ह्याचं काय घेणार?” तो म्हणाला. “द्या सगळीकडं.”

तिनं दिलं. कामगार खात्यात दिलं, आणि चाकणच्या कारखान्याकडून माल घेणाऱ्या कंपन्यांनाही पाठवलं, संग्रहालयाच्या पानावरही टाकलं. आठवड्यात तपासणीची माणसं चाकणला पोहोचली. तिथल्या नव्या प्रेसवर हात आला की मशीन थांबवणारे डोळे, म्हणजे सेन्सर, बसवलेले होते. सहा प्रेसवरच्या त्या डोळ्यांना चिकटपट्टी लावलेली सापडली. माल घेणाऱ्यांनी माल घ्यायचं थांबवलं. मुलानं बापाशी बोलणं टाकलं. भिवालाही चौकीत बोलावलं, दोन दिवस बसवलं, जबाब लिहून घेतला. तक्रार द्यायला कुणी आलंच नाही, म्हणून सोडलं. सोसायटीनं त्याला कामावरून काढलं. तो सोजरबाईबरोबर पिंपरीत भाजीच्या गाडीवर बसायला लागला.

ज्या दिवशी उद्घाटन व्हायचं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्वीच्या एका कामगारानं फोन करून सांगितलं, शेठ इंजिन कापतोय.

भिवा पळतच गेला. फाटक सताड उघडं होतं. शेडमध्ये गॅसकटरवाले दोघं होते. टाकी उभी चिरलेली, चाकं सुटी करून भिंतीला लावलेली. ज्या दांड्यावर भिवानं तीन आठवडे घालवले होते, ज्याचा जाम बसलेला पिस्टन स्वरूपानं रॉकेल घालून घालून मोकळा केला होता, त्याचे हातहातभर तुकडे पडले होते. कंदिलांचं कपाट रिकामं होतं. रंगराव खुर्चीवर बसून बघत होता. उजवा हात पांढऱ्या पट्टीत, गळ्यात अडकवलेला.

भिवाला बघून तो उठला नाही. म्हणाला, “मी भंगारवाला. भंगारातनं आणलं, भंगारात घातलं. तुझ्या हातचं चालू देणार न्हाई.”

भिवा त्या तुकड्यांपाशी वाकला. ह्या इंजिनाचं जुळं असावं असं एक इंजिन त्यानं बापाच्या मांडीवर बसून बघितलं होतं, आणि आता महाराष्ट्रात असं किती उरलं असेल ते देवाला ठाऊक. आपण दांडा ओढला नसता तर पुढच्या शंभर वर्षांत पोरांनी ह्यात बसून फेऱ्या मारल्या असत्या, हेही त्याला कळत होतं.

पण मग त्यानं रंगरावकडे नीट बघितलं. म्हातारा रडत होता. आवाज नव्हता, नुसतं पाणी झब्ब्याच्या गळ्यावर ठिबकत होतं. कटरची ठिणगी उडाली की तो खुर्चीत दचकायचा. ऊस ओढणारा तो पोर, ती गाडी, सगळं त्यानं स्वतःच्या तोंडानं कापायला सांगितलं होतं आणि आता बसून बघत होता. कुणी बळजबरी केली नव्हती.

भिवा तिथं शेवटचा तुकडा पडेपर्यंत उभा राहिला. त्यालाही दुखत होतं, पण हे दुखणं अर्धं-अर्धं वाटून घेतलेलं होतं, आणि रंगरावचा अर्धा वाटा बघताना त्याला फार बरं वाटत होतं. त्यानं ते लपवलं नाही. निघताना तो एकच वाक्य बोलला.

“एक गेलं तर काय शेठ.”

रंगरावला ते कळलं की नाही, कोण जाणे. त्यानं मान वर केली नाही.

गल्लीच्या तोंडाशी बसस्टॉपवर भिवा टेकला. ऊन तापलं होतं. खिशातला फोन वाजला, नंबर अनोळखी होता. पलीकडचा माणूस बीडकडच्या बोलीत बोलत होता. बंकट नाव सांगितलं. वाळुंजच्या शेडमध्ये सात नंबरवर होतो म्हणाला, भिवाच्या आधी चार वर्षं. दोन बोटं गेली, मग गावी परतलो. भाच्यानं व्हिडिओ दाखवला, तुमचा नंबरही त्यानंच मिळवला. त्यात तो म्हणतो ना, गेवराईचा काय, तो मीच.

मग बंकट म्हणाला, “भाऊ, व्हिडिओत त्याचं तोंड नीट दिसंना. पोरीचा हात हालतोय. तुम्ही वरून बघत होता. कसं झालं होतं हो तोंड?”

पिंपरीची बस आली, दार उघडलं. भिवानं कंडक्टरला हातानंच जा म्हणून खुणावलं, फोन डाव्या कानाला नीट लावला आणि सांगायला सुरुवात केली.

“पहिल्यांदा त्याला कळलंच न्हाई,” तो म्हणाला. “तेल घालत व्हता, आईचं सांगत व्हता. मग ठोकळा लागला. तवा आधी त्याचा वरचा ओठ हालला...”

“थांबा,” बंकट म्हणाला. “बायकोला बोलावतो. तिलाबी ऐकू द्या.”